एजफील्डची बरणी: कामाच्या नोंदी

18 फेब्रुवारी 2024, अटलांटा

कामाचा आवाका आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढे फाटे फुटायला नकोत. एक: साउथ कॅरोलायनातल्या एजफील्डच्या पद्धतीने, दोन भागांत, साठवणीची मोठी बरणी चाकावर काढायची. दोन: तिथे वापरायचे तसं लाकडाच्या राखेचं ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, इथल्याच राखेतून जमवायचं. तीन: पुण्याच्या आणि भद्रावतीच्या आपल्या सिरॅमिकवाल्या मंडळींसाठी या सगळ्यावर मराठीत एक सादरीकरण, ऑनलाइन, दीड तासाचं.

निमित्त आहे हाय म्युझियममध्ये परवा उघडलेलं ‘हिअर मी नाऊ’ हे प्रदर्शन. एजफील्डच्या कृष्णवर्णीय कुंभारांच्या कामाचं. 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनला सुरू झालं, मग बॉस्टन, मिशिगन करत इथे पोचलं. मेपर्यंत आहे, म्हणजे बरणी वाळत असताना अधूनमधून जाऊन ताडून पाहता येईल.

भद्रावतीच्या लोकांना आधीच सांगायला हवं की एजफील्ड म्हणजे कुंभारवाडा नव्हे, कारखाना होता. ॲबनर लँड्रम नावाच्या गोऱ्या डॉक्टरने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे पॉटर्सव्हिल वसवलं. तेव्हाच्या साध्या मातीच्या भांड्यांवर शिशाचं ग्लेझ असे, ते अन्नात उतरे. त्याऐवजी हे उंच तापमानाला भाजलेलं, शिसं नसलेलं स्टोनवेअर. माती खणणारे, लाकूड तोडणारे, चाकावर बसणारे, भट्टी लावणारे बहुतेक गुलाम केलेले लोक. 2011 मध्ये तिथली भट्टी उत्खननात सापडली, ती 105 फूट लांब निघाली, म्हणजे 32 मीटर. एवढ्या भट्टीला एका खेपेला किती भांडी आणि किती लाकूड लागत असेल याचा अंदाज आपल्यातल्या कोणालाही बांधता येईल.

25 फेब्रुवारी

प्रदर्शन पाहिलं. पहिली गोष्ट आकाराची. छायाचित्रांत ही भांडी टेबलावर ठेवण्याजोगी वाटतात. प्रत्यक्षात काही माझ्या कमरेच्या वर येतात. खांदा रुंद, तळ तुलनेने अरुंद, मानेला जाड ओठ, कान असे बसवलेले की दोन माणसांनी भरलेलं भांडं उचललं तरी उपटणार नाहीत. ग्लेझ शेवाळी हिरवं ते तपकिरी, आणि खाली ओघळलेलं. आपल्याकडच्या लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीची थोरली बहीण म्हटलं तर आईलासुद्धा चटकन कळेल. तिच्यात कैरी असे, यांत मळ्यांवरचं खारवलेलं मांस आणि चरबी. या बरण्यांतलं अन्न पुढे कोणाच्या ताटात जायचं? मळेमालकाच्या, आणि त्याने गुलाम केलेल्यांनाही मोजून दिलं जायचं. म्हणजे ज्यांनी बरणी केली त्यांचाच शिधा तिच्यातून मापला जायचा.

प्रदर्शनाचा मुख्य माणूस डेव्ह, एजफील्डचा गुलाम केलेला कुंभार. जन्म 1800 च्या आसपास. ओल्या मातीत टोकदार काडीने स्वतःचं नाव, तारीख आणि कधीकधी दोन ओळींची यमकं कोरायचा. लोक त्या ओळींपाशी थांबतात. आमच्या स्टुडिओत भट्टी लावणाऱ्या ज्येष्ठ बाई सोबत होत्या; त्या स्वतः कृष्णवर्णीय आहेत, माहेर साउथ कॅरोलायनाचं. त्या म्हणाल्या, ‘लोक येतात, ओळी वाचतात, डोळे पुसतात, फोटो काढतात. कान कसा जोडलाय ते कोणी बघत नाही.’ मग आम्ही बराच वेळ फक्त कान पाहिले.

सादरीकरणाची दिशा इथेच ठरली. आधी हात, मग अक्षरं.

2 मार्च

माती. एजफील्ड ज्या पट्ट्यात आहे तिथे डोंगराळ भाग संपून किनाऱ्याचा सपाट भाग सुरू होतो आणि केओलिनचे, म्हणजे पांढऱ्या चिनी मातीचे, थर वर येतात. तोच पट्टा पुढे जॉर्जियातून जातो. त्यामुळे स्टोनवेअरला लागणारी उष्णता सोसणारी माती, शेजारी लोह असलेली माती, वाळू, लाकूड आणि सव्हाना नदी हे सगळं एकाच ठिकाणी. उद्योग तिथे का उभा राहिला याचं अर्धं उत्तर भूगर्भात आहे. उरलेलं अर्धं फुकटात राबवलेल्या माणसांत.

मी विकतच्या स्टोनवेअर मातीत जॉर्जियाची लाल माती थोडी मिसळली. दहा टक्क्यांच्या वर गेलं की लोह फार होतं आणि ग्लेझ काळपट पडतं. दोन दिवस मळून, झाकून मुरत ठेवली.

9 मार्च

आकुंचनाची पट्टी भाजून आली. या मातीचं आकुंचन 12 टक्के. म्हणजे ओली असताना 100 मिलिमीटर, भाजल्यावर 88. लांबीत 12 टक्के फार वाटत नाही, पण आकारमानात 0.88 चा घन घ्यावा लागतो, तो जेमतेम 0.68. मला सहा गॅलनची बरणी हवी, म्हणजे जवळजवळ 23 लिटर. ती मिळवायला ओली बरणी 34 लिटरची काढायला हवी.

हा हिशेब करताना डेव्हची तारीख घातलेली सर्वांत जुनी ज्ञात कविता आठवली, 12 जुलै 1834 ची. तिचा मराठीत अर्थ असा: मधल्या जागेत सगळं ठासून भरा, या बरणीत चौदा मावणार म्हणजे मावणारच. चौदा गॅलन, 53 लिटर. आजवर या ओळींवर मी वाचलं ते बहुतेक यमकाबद्दल, धिटाईबद्दल. पण आधी हे पाहा की त्या ओळी भांडं ओलं असताना लिहिल्या आहेत. डेव्हची माती माझ्याइतकीच आटली असं धरलं तर त्याच्यासमोर तेव्हा 78 लिटरचं भांडं होतं, आणि ते वाळून, भाजून चौदा गॅलनचंच उरेल हे तो ‘नक्की’ असा शब्द घालून, कोरून, स्वतःच्या हाताने सांगतो आहे. कविता आहेच. त्याआधी ती एका कारागिराची हमी आहे.

आणि ते वर्ष. साउथ कॅरोलायनात गुलामांना लिहायला शिकवण्यावर 1740 च्या कायद्यानेच बंदी होती. 1834 च्या डिसेंबरात नवा कायदा झाला, त्याने वाचायला शिकवणंही गुन्हा ठरवलं. जुलैत बरणी, डिसेंबरात कायदा. दोन्हींचा थेट संबंध जोडणारा पुरावा नाही, म्हणून सादरीकरणात दोन तारखा फक्त शेजारी शेजारी ठेवणार. ऐकणाऱ्यांना काय ते कळेल.

16 मार्च

राख. ओकची एका शेकोटीवाल्याकडून, पाइनची बाईंच्या परसातली. अर्धी धुऊन, अर्धी न धुता. (धुताना हातमोजे घालाच. राखेच्या पाण्याने कातडी सोलते, हे लिहून ठेवते कारण कोणीतरी विचारणारच.)

या ग्लेझला अल्कलाइन ग्लेझ म्हणतात. राखेतलं कॅल्शियम आणि थोडं पोटॅशियम वितळवायचं काम करतं, वाळू काच होते, माती त्या काचेला भांड्यावर धरून ठेवते. काही ठिकाणी राखेऐवजी चुना. असं ग्लेझ चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीपासून आहे, अमेरिकेत मात्र ते एजफील्डच्या आसपास उगवलं. लँड्रमने चीनबद्दल काही वाचलं होतं, असा एक तर्क आहे. असेल. पण कोणत्या राखेला किती वाळू हे रोज भट्टीपाशी उभ्या असणाऱ्यांनीच ठरवलं असणार, आणि त्यांची नावं त्या तर्कात येत नाहीत.

चाचणीच्या टाइल्स: राख, फेल्डस्पार (भट्टीत वितळून काच होणारं खनिज), माती यांची वेगवेगळी प्रमाणं. पुढच्या भट्टीत.

30 मार्च

टाइल्स निघाल्या. कोन 10 (स्टोनवेअरची उंच आच), गॅसची भट्टी, रिडक्शन (भट्टीतली हवा कमी ठेवून भाजणं). आमच्याकडे लाकडाची भट्टी नाही, त्यामुळे लाकडाच्या ज्वाळेने येणारे डाग येणार नाहीत, हे गृहीत धरूनच चाललं आहे.

ओक, न धुतलेली, राख 45, फेल्डस्पार 30, माती 25: हिरवट पिवळं, ओघळ लांब, उभ्या टाइलवर बोटभर खाली धावलं. हेच जवळचं. पाइन जास्त तपकिरी. धुतलेली राख दोन्हीकडे शांत, चकचकीत, कंटाळवाणी. माती 35 वर नेली की ग्लेझ गोठल्यासारखं राहतं. ओक घेते, माती 27 करते, म्हणजे बरणीचे ओघळ शेल्फवर उतरायचे नाहीत.

6 एप्रिल

आज पुन्हा म्युझियम, या वेळी चेहऱ्याच्या सुरयांसाठी. आकार लहान, तळहातावर मावतील अशाही. डोळे आणि दात पांढऱ्या केओलिनचे, बाकी अंग राखेच्या ग्लेझचं. दात विचकलेले, भुवया ताणलेल्या. एका काचेच्या पेटीत बऱ्याच एकत्र मांडल्या आहेत. समोर उभं राहिल्यावर आपणच पाहिले जातोय असं होतं.

यांच्याबद्दल खात्रीने सांगता येण्याजोगं थोडंच. अमेरिकेत गुलाम आयात करायला 1808 पासून बंदी होती. तरी 28 नोव्हेंबर 1858 ला ‘वाँडरर’ नावाचं जहाज कायदा मोडून जॉर्जियाच्या जेकिल बेटावर लागलं, आफ्रिकेतून पळवून आणलेले चारशेहून जास्त लोक घेऊन. त्यांतल्या सुमारे 170 जणांना नदीतून वर एजफील्ड भागात नेलं. चेहऱ्याच्या बहुतेक सुरया त्यानंतरच्या दोन-तीन दशकांतल्या. कोंगो भागात पांढऱ्या मातीला मृतांच्या जगाशी जोडतात, आणि शक्ती भरलेल्या ‘नकिसी’ मूर्तींच्या डोळ्यांत चमकदार पांढरं भरतात. अभ्यासक या दोन गोष्टी जोडतात. जोडणी पटण्याजोगी आहे, पण ज्यांनी सुरया केल्या त्यांच्यातल्या कोणाचंही त्याबद्दल एक वाक्य नोंदलेलं नाही. 1893 मध्ये जी माहिती छापली गेली ती एका गोऱ्या कारखानदाराने सांगितलेली.

मी बाईंना विचारलं, सरावासाठी एक चेहऱ्याची सुरई करून पाहू का. त्या म्हणाल्या, ‘बरणी कर. ती कोणीही पोटासाठी करत होतं. चेहरे त्यांनी स्वतःसाठी केले असावेत, विकायला नव्हे.’ त्यांनी मनाई केली नव्हती. पण पटलं. चेहरा करणार नाही. पुण्याहून एकाने कळवलं की ‘सुरईचं प्रात्यक्षिक सगळ्यांत आकर्षक होईल’. होईलही.

13 एप्रिल

बरणीचा खालचा भाग काढला. 11 किलोचा गोळा. तळ जाड ठेवला, भिंत वर जाताना किंचित बाहेर. वरच्या कडेला खाच. पंख्याखाली न ठेवता प्लॅस्टिकखाली एक रात्र, म्हणजे वजन पेलेल इतपत कडक होईल.

डेव्हच्या मोठ्या बरण्या अशाच: तळाचा भाग चाकावर, मग त्यावर मातीच्या जाड वळ्या चढवून पुन्हा चाकावर ओढलेल्या. त्याचं चाक दुसरं कोणीतरी फिरवायचं, असं सांगतात. त्याच्या सर्वांत मोठ्या ज्ञात बरण्यांपैकी एक 13 मे 1859 ची, आज चार्ल्सटन म्युझियममध्ये आहे. मापात चाळीस गॅलनच्या आसपास. तिच्यावर डेव्हसोबत बॅडलर हे नावही कोरलेलं आहे. त्या ओळी म्हणतात, मेंढी, बकरी की अस्वल, सगळं मावेल अशी थोर बरणी. थोर आहे खरी. दोन नावं कोरायचं डेव्हला सुचलं, आणि आपण मात्र एकट्या डेव्हबद्दल बोलत राहतो.

14 एप्रिल

वरचा भाग. वळ्या जोडून ओढल्या, खांदा आत घेतला. खांदा हाच कसोटीचा. फार सपाट केला तर बसतो, फार उभा केला तर बरणी नुसती लोटी दिसते. हात आत कोपरापर्यंत, बाहेरून फळीने थापत. (थापी हातात आहे म्हणून स्टुडिओत गोरोबाकाकांनी संतांची डोकी थापटून कच्चं-पक्कं ठरवल्याची गोष्ट सांगितली. फार आवडली. कच्चे नामदेव निघाले हे कळल्यावर एकीने विचारलं, ‘त्यांना परत भट्टीत घातलं का?’ म्हटलं, गुरूकडे पाठवलं.)

ओठ जाड गुंडाळला. कान उद्या.

16 एप्रिल

कान लावले, दोन. एजफील्डचे कान पट्टीसारखे आडवे, अंगाला चिकटलेले. मध्ये बोटं जेमतेम शिरतात. पोकळी कमी म्हणून मोडायची भीती कमी.

लिहायचं काय? डेव्हची ओळ माझ्या बरणीवर घालणार नाही, हे पहिल्यापासून ठरलेलं. त्या ओळींना धोका होता, माझ्या काडीला नाही. दुसरा प्रश्न मापाचा. तिथल्या बरण्यांवर गॅलन दाखवायला ठिपके, रेघा असत. डेव्हचा नंतरचा मालक लुइस माइल्स, त्याच्या कारखान्यातल्या बरण्यांवर त्याची आद्याक्षरं. सहा ठिपके घालायला हात पुढे केला आणि थांबले. भाजल्यावर सहाच भरेल, हे आज ओल्या मातीवर मी शपथेवर सांगू शकत नाही. तळाशी नाव आणि तारीख एवढंच कोरलं.

27 एप्रिल

बरणी सावलीत वाळते आहे. दरम्यान सादरीकरणाच्या मधल्या भागाचं काम: भांड्यांबरोबर माणसं कशी हलली.

एजफील्डच्या मालक घराण्यांनी पश्चिमेकडे नव्या जमिनी घेतल्या, तेव्हा कुंभारही गुलाम म्हणून सोबत नेले. जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, टेक्ससपर्यंत राखेचं ग्लेझ सापडतं ते असं. नकाशावर ग्लेझचा प्रवास काढला की तो माणसांच्या विक्रीचा आणि ताटातुटीचा नकाशा होतो.

टेक्ससचा एक किस्सा सविस्तर घेणार. जॉन विल्सन नावाचा पाद्री 1856 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातून टेक्ससला गेला, गुलाम घेऊन, आणि सेगीनजवळ कुंभारकामाचा कारखाना काढला. त्या गुलामांत हायरम, जेम्स आणि वॉलेस होते. आडनाव मालकाचंच, विल्सन. स्वातंत्र्य मिळाल्यावर 1869 मध्ये या तिघांनी तिथेच स्वतःची कंपनी काढली, एच. विल्सन अँड कंपनी, आणि आपला शिक्का उघड भांड्याच्या अंगावर मारला. त्यांचे कान जुन्या कारखान्यापेक्षा वेगळे, घोड्याच्या नालेसारखे. ग्लेझही बदललं, राखेऐवजी मिठाचं. 1884 मध्ये हायरम वारल्यावर कारखाना बंद झाला.

दुसरा किस्सा न्यूयॉर्कचा, उलट्या दिशेचा. थॉमस कॉमेरॉ. मॅनहॅटनच्या कॉर्लिअर्स हुकला 1797 ते 1819 त्याचा कारखाना होता. बरण्यांच्या गळ्यावर मोठ्या अक्षरांत त्याचं नाव आणि पत्ता. संग्राहकांना ही भांडी शंभर वर्षं माहीत होती आणि सगळे त्याला गोरा समजत होते. या शतकाच्या सुरुवातीला एका अभ्यासकाने जुन्या जनगणना चाळल्या, तेव्हा कळलं की तो स्वतंत्र कृष्णवर्णीय होता. 1820 मध्ये तो कुटुंबासह सिएरा लिओनला गेला, मुक्त कृष्णवर्णीयांची आफ्रिकेत वसाहत करायच्या मोहिमेतून. तिथे बायको गेली, बाकीच्यांचे हाल झाले; 1822 मध्ये परतला आणि पुढच्याच वर्षी वारला. एवढं ठळक नाव कोरूनही कॉमेरॉ कोण हे दोनशे वर्षं कोणी विचारलं नाही. चांगलं स्टोनवेअर म्हणजे गोऱ्याचं, हे गृहीत इतकं पक्कं होतं.

आजच्या नामवंत कुंभार मॅग्डालीन ओडुंडो या सादरीकरणात नाहीत. नैरोबीत जन्म, शिक्षणाची सुरुवात भारतात आणि केनियात, 1971 पासून इंग्लंड, मध्ये नायजेरियाच्या अबुजा कुंभारकाम केंद्रात लादी क्वाली या कुंभार बाईंजवळ शिक्षण. ग्लेझशिवाय, घासून चकाकी आणलेली, धुरात काळी केलेली भांडी. एका स्लाइडमध्ये उरकणं अन्याय होईल. त्यांच्यासाठी पुन्हा कधीतरी पूर्ण दीड तास.

4 मे

बिस्क, म्हणजे ग्लेझआधीची पहिली भाजणी, निघाली, तडा नाही.

प्रदर्शनाचा शेवटचा आठवडा, म्हणून आजच्या कलाकारांच्या दालनात वेळ दिला. मला सगळ्यांत धरून ठेवलं अदेबुन्मी ग्बादेबो यांच्या कामाने. साउथ कॅरोलायनात फोर्ट मॉटला ‘ट्रू ब्लू’ नावाचा मळा होता, तिथे त्यांचे पूर्वज गुलाम होते. त्या जागेची, पूर्वजांच्या दफनभूमीची माती त्या भांड्यांत वापरतात. कुठे तांदूळ, कुठे माणसाचे केस. भांडी खडबडीत, जळकी, तडकलेली. तंत्राच्या नजरेने पाहिलं तर ही माती वाईट आहे: चिकटपणा कमी, मधे कचरा. पण तडा जाऊ नये अशी अपेक्षाच तिथे चुकीची ठरते. मी इथे आल्यापासून मातीला ‘लोह किती, आकुंचन किती’ हेच विचारत आले. ‘इथे कोण पुरलंय’ हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता.

सिमोन ली यांची सुरईही आहे. 2022 ला व्हेनिस बिएनालेत अमेरिकेचं दालन मिळालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. त्यांच्या कामात प्रचंड कवड्या येतात. त्यांचा साचा कलिंगडावरून घेतात. या कवड्यांपाशी मराठी माणसाला थांबावंच लागेल. मालदीवच्या कवड्या हिंदी महासागरातून युरोपी व्यापाऱ्यांनी पश्चिम आफ्रिकेत नेल्या, चलन म्हणून. त्यांच्या बदल्यात माणसं विकत घेतली गेली. त्याच समुद्रातली कवडी आपल्याकडे आराध्यांच्या गळ्यात, तुळजाभवानीच्या माळेत आली. दोन्ही गोष्टी एका स्लाइडवर ठेवते. खाली काही लिहिणार नाही.

11 मे

ग्लेझ घातलं. आतून ओतून, बाहेरून मगाने. बरणी पालथी धरायला दोघी लागलो. खालचे चार बोट मोकळे ठेवले.

18 मे

भट्टी उघडली. ओघळ अपेक्षेप्रमाणे खांद्यावरून निघून पोटावर थांबले. रंग हिरवट, कानांखाली जमलेलं ग्लेझ जवळजवळ काळं. आत एक भाग कोरडा राहिला आहे, वापराला अडचण नाही.

पाणी भरून मोजलं: साडेवीस लिटर, पाच गॅलनला थोडं वर. सहा ठिपके नव्हते ते बरं. बाई म्हणाल्या, ‘त्याने चौदा म्हटलं होतं ना?’

1 जून

सादरीकरणाचा शेवटचा भाग: ओळी. आधी हात झाले, आता अक्षरं.

दोन बरण्या शेजारी ठेवल्या आहेत, दोन्ही 1857 च्या ऑगस्टच्या. 16 तारखेची म्हणते: माझे सगळे नातलग कुठे असतील कोण जाणे; मैत्र सर्वांशी, आणि प्रत्येक राष्ट्राशी. 22 तारखेची म्हणते: ही बरणी केली रोख पैशासाठी, जरी पैशाला कचरा म्हणतात. दोहोंत सहाच दिवस. पहिली सगळीकडे उद्धृत होते, कारण ती आपल्याला हवा तो डेव्ह देते: दुःखी, उदार. दुसरी अवघड आहे. रोख पैसा कोणाला मिळायचा? बरणी माइल्सच्या कारखान्याची, करणारा माइल्सच्या मालकीचा. ओळ थट्टा आहे की हिशेब? मला दोन्ही वाटतं, आणि म्हणून सादरीकरणात जास्त वेळ दुसरीला.

गुलामगिरी संपल्यावर 1870 च्या जनगणनेत तो डेव्हिड ड्रेक म्हणून सापडतो, व्यवसाय: चाकावरचा कुंभार. आडनाव जुन्या मालकांपैकी एकाचं.

प्रश्नोत्तरांत कोणीतरी जोतीरावांच्या ‘गुलामगिरी’ची, 1873 ची, अर्पणपत्रिका काढणार. काढावीच, दुवा खरा आहे. पण ती अर्पण आहे गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. डेव्ह त्या यादीत बसतो का, हा प्रश्न मी उलट विचारणार. ज्याला शिकवणं गुन्हा होता त्याने चारचौघांच्या स्वयंपाकघरात जाणाऱ्या भांड्यावर सही केली, ती झटण्यात धरायची की नाही?

दुसरा प्रश्न हमखास: ‘आपल्याकडे असं काही?’ त्यासाठी मलिक अंबरची एक स्लाइड. इथिओपियात जन्मलेला, अनेकदा विकला गेलेला, निजामशाहीचा पेशवा झालेला. 1610 मध्ये त्याने खडकी वसवली, आजचं छत्रपती संभाजीनगर, आणि तिला पाणी आणलं ते जमिनीखालच्या नहरीने, भाजलेल्या मातीच्या नळांतून. आफ्रिकेतून आणलेल्या माणसाची आणि खापराची अशी गोष्ट आपल्या पायाखाली आहे. पण अंबर सत्तेवर पोचला, स्वतःची फौज बाळगून होता. दक्खनमधल्या हबशी गुलामांची वाट अटलांटिकपलीकडच्या मळ्यांपेक्षा वेगळी होती. ‘आमच्याकडेही होतंच की’ म्हणून विषय मिटवायला ही स्लाइड नाही, हे तोंडी सांगायचं.

8 जून

सादरीकरण झालं. भद्रावतीहून राखेच्या प्रमाणांवर प्रश्न आले, पुण्याहून चेहऱ्यांवर. एका तरुण मुलाने विचारलं, डेव्हची एक बरणी आज कितीला. 2021 च्या लिलावात 1858 ची एक, चार कानांची, 15 लाख 60 हजार डॉलरला गेली, आर्कन्सॉच्या एका संग्रहालयाने घेतली. त्याने लगेच विचारलं, ‘त्यातले त्याच्या घरच्यांना किती?’ शून्य, म्हटलं.

22 नोव्हेंबर 2025

वही पुन्हा उघडावी लागली. बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्सने डेव्हिड ड्रेकच्या 1857 च्या दोन बरण्यांची मालकी त्याच्या वंशजांना परत दिली. एक बरणी वंशजांनी म्युझियमला काही काळासाठी उसनी ठेवायला दिली आहे. दुसरी म्युझियमने त्यांच्याकडून पुन्हा विकत घेतली. किंमत जाहीर नाही. ती दुसरी म्हणजे 22 ऑगस्टची, रोख पैशाची.

त्या मुलाला कळवलं. बाईंना सांगितलं, त्यांना आधीच माहीत होतं. स्लाइडच्या तळटिपांत आतापर्यंत फक्त ‘संग्रह’ असा रकाना होता. शेजारी एक नवा घातला, ‘कोणाकडून घेतली’. बॉस्टनच्या बरणीपुढे तो भरला. बाकीच्या स्लाइड उद्यापासून, एकेका संग्रहालयाची नोंद उघडून.